संघ मालकाचा की गावाचा?

सामना पाहून घरी परतणाऱ्या माणसाला निकाल विचारला, तर "आमच्या गावचा संघ जिंकला" असे तो सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "जिंकलो आम्ही!" वास्तविक या गृहस्थाने उभ्या सामन्यात चेंडूला हातही लावलेला नसतो. तिकिटाचे पैसे भरले, तीन तास उन्हात किंवा थंडीत बसला, घसा बसेपर्यंत ओरडला, एवढेच त्याचे कर्तृत्व. मग हा 'आम्ही' आला कोठून? आम्ही बोलणारी-लिहिणारी मंडळी एकट्यालाच 'आम्ही' म्हणवून घेतो, तेव्हा ती एक जुनी लकब म्हणून लोक सोडून देतात. परंतु क्रीडाप्रेमी माणसाचा 'आम्ही' लकबीचा नसून दाव्याचा आहे. संघावर आपलाही काही हक्क आहे, असे तो त्या एका शब्दाने सुचवीत असतो. हा हक्क खरा किती आणि मानलेला किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या 'आम्ही'ची थोडी शास्त्रीय तपासणीही झालेली आहे. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. शिवाय विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोलताना असे दिसून आले, की विजयाचे वर्णन करताना 'आपण' हा शब्द सहज तोंडी येतो आणि पराभवाचे वर्णन करताना तो मागे पडून 'ते' पुढे येतात. जिंकलो आम्ही, हरले ते! मनुष्यस्वभावाची गंमत म्हणून हे निरीक्षण मोठे मार्मिक आहे, आणि शंभरातील ऐंशी प्रेक्षकांना ते लागू पडेल असे आम्हालाही वाटते. परंतु उरलेल्या विसांचे काय? संघ हरत असतानाही 'आम्ही'च म्हणणारी जी माणसे असतात, त्यांची कथा खरी विचार करण्याजोगी आहे. ही माणसे जगात सर्वत्र असली, तरी ती एकाच ठिकाणी दाटीने पाहावयाची असतील तर अमेरिकेतील क्लीव्हलंड या शहराकडे वळले पाहिजे.

ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर, कायाहोगा नदीच्या मुखाशी हे शहर वसले आहे. रॉकफेलरच्या तेलाच्या साम्राज्याचा पाया येथे १८७० साली घातला गेला. पुढे पोलादाचे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग पोलंड, हंगेरी, इटली अशा देशांतून कामगार आले. १९५० च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. २०२० साली ती पावणेचार लाखांच्याही खाली आली. मधल्या काळात जे घडले ते थोडक्यात सांगावयाचे तर कारखाने बंद पडले, पांढरपेशे लोक उपनगरांत गेले, २२ जून १९६९ रोजी तेलकट नदीच्या पाण्याने पेट घेतला आणि डिसेंबर १९७८ मध्ये नगरपालिकेला कर्जाची फेड करता आली नाही. १९३० नंतरच्या मोठ्या मंदीपासून अशी नामुष्की पत्करणारे ते पहिलेच मोठे अमेरिकन शहर. नदीला आग लागलेले गाव म्हणून देशभर थट्टा सुरू झाली. अशा शहराजवळ अभिमानाने सांगण्याजोगे जे थोडे उरले, त्यात त्याचे तीन धंदेवाईक संघ होते: क्रिकेटचा चुलतभाऊ जो बेसबॉल त्याचा १९०१ पासूनचा संघ, अंगावर अंग आदळीत खेळावयाच्या अमेरिकन फुटबॉलचा 'ब्राउन्स' हा १९४६ चा संघ, आणि १९७० साली आलेला बास्केटबॉलचा 'कॅव्हेलिअर्स'.

आता या धंदेवाईक संघांची रचना समजून घेतल्याखेरीज पुढील गोष्ट नीट कळणार नाही. आपल्याकडे तालमीचा किंवा मंडळाचा संघ असतो तो गल्लीतूनच उगवतो. कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांच्यात फुटबॉल होतो, तेव्हा पेठच मैदानात उतरलेली असते. तो संघ उचलून कोणी सांगलीला नेईल, ही कल्पनाच कोणाच्या मनात येणार नाही. अमेरिकेतील व्यवस्था अगदी वेगळी आहे. तेथे संघमालकांची एक मंडळी असते, तिला लीग म्हणतात. अमुक शहरात संघ चालविण्याचा मक्ता ही लीग देते. मक्त्यांची संख्या ठरलेली. फुटबॉलच्या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. खालच्या दर्जाचा संघ पराक्रम करून वर चढला, असे तेथे होऊ शकत नाही. संघ हवा असणारी शहरे जास्त आणि मक्ते कमी, अशी स्थिती कायम ठेवण्यातच मालकांचे हित असते. कारण मग कोणताही मालक आपल्या नगरपालिकेला सांगू शकतो, की नवे क्रीडांगण बांधून द्या, नाही तर दुसऱ्या गावाने बोलावलेच आहे! ही नुसती धमकी असते असेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागाचा जीव की प्राण असलेला 'डॉजर्स' हा बेसबॉल संघ १९५७ चा हंगाम संपताच पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसला गेला. ज्या मैदानावर तो खेळत असे, ते १९६० साली पाडण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर यात काहीच वावगे नाही. संघ ही मालमत्ता आहे आणि मालमत्ता मालकाने वाटेल तेथे न्यावी. परंतु त्या मालमत्तेची किंमत कशामुळे होते? अकरा खेळाडूंना अकरा जणांनी पाडले, याला मुळात बाजारात काही मोल नाही. आजोबांनी मुलाला, मुलाने नातवाला बोट धरून त्याच बाकावर नेऊन बसविले, म्हणून त्या पाडापाडीला मोल आले. दुकान मालकाचे खरे, पण भांडवल गिऱ्हाइकाच्या आठवणींचे. आणि ते भांडवल कोणत्याही जमाखर्चात दाखविलेले नसते. क्लीव्हलंडच्या बाबतीत हे भांडवल बहुतेक दुःखाचे होते, हा त्यातला विशेष.

ब्राउन्सच्या आरंभीच्या इतिहासात दुःखाचा लवलेशही नव्हता. आपला पहिला शिक्षक पॉल ब्राउन याच्या नावावरून संघाने नाव घेतले आणि पहिली चारही वर्षे आपल्या लीगचे विजेतेपद पटकावले. १९५० साली मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळताच पहिल्याच वर्षी तेथेही तो विजेता ठरला. २७ डिसेंबर १९६४ रोजी त्याने बाल्टिमोरच्या 'कोल्ट्स' संघाला २७–० असे धूळ चारून पुन्हा विजेतेपद मिळविले. त्यानंतर जो दुष्काळ पडला तो ५२ वर्षांचा. या तीनही संघांपैकी एकालाही पुढे २०१६ पर्यंत विजेतेपद लाभले नाही.

मराठी माणसाला मोठ्या पराभवाचे एका शब्दात नाव ठेवण्याची सवय आहे. 'पानिपत झाले' म्हटले की अधिक काही सांगावे लागत नाही. क्लीव्हलंडच्या लोकांनी आपल्या पराभवांना अशीच एकेक नावे दिलेली आहेत. ११ जानेवारी १९८७ ला ब्राउन्स जिंकल्यातच जमा असताना डेन्व्हरच्या जॉन एलवे याने आपला संघ ९८ यार्ड पुढे आणून बरोबरी साधली आणि जादा वेळात डेन्व्हरने सामना नेला; तो दिवस 'द ड्राइव्ह'. पुढच्याच जानेवारीत अर्नेस्ट बायनर बरोबरी साधणाऱ्या रेषेच्या अगदी जवळ पोचला आणि चेंडू त्याच्या हातून सुटला. तो 'द फम्बल'. ७ मे १९८९ ला बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डनने शेवटच्या क्षणी चेंडू जाळीत टाकून एका गुणाने बाजी मारली. तो 'द शॉट'. जन्मापूर्वीच्या या प्रसंगांची नावे तेथील मुलांना पाठ असतात. त्याच बायनरने त्याच सामन्यात संघाला कितीदा वर काढले होते हे जाणती माणसे आवर्जून सांगतात. आपल्या हरलेल्या वीराची बाजू मांडण्याची ही ओढ आम्हाला फार जवळची वाटते.

या प्रेमाची मूर्ती पाहावयाची असेल तर जॉन अ‍ॅडम्स या माणसाकडे पाहावे. (अमेरिकेचा या नावाचा एक राष्ट्राध्यक्ष होऊन गेला, त्याच्याशी याचा संबंध नाही.) सरोवराच्या काठी १९३१ साली उघडलेले सार्वजनिक क्रीडांगण अवाढव्य होते, जवळजवळ ऐंशी हजार माणसे मावत, आणि बेसबॉल संघ पडत्या काळात असल्यामुळे बहुतेक बाके रिकामी असत. आलेले थोडके लोक शेजारच्या रिकाम्या लाकडी खुर्च्या आपटून आवाज करीत. २४ ऑगस्ट १९७३ रोजी अ‍ॅडम्स घरचा मोठा ढोल घेऊन आला आणि वरच्या उघड्या बाकांवर बसून त्या आपटण्याला त्याने ताल धरला. त्यानंतर २०१९ पर्यंत, म्हणजे सुमारे ४६ वर्षे, आणि साडेतीन हजारांहून अधिक सामने, हा माणूस ढोल वाजवीत राहिला. ढोलालाही जागा लागते म्हणून ढोलाचेही तिकीट काढी! तो संघाचा नोकर नव्हता. दिवसा दूरध्वनीच्या कंपनीत काम करी. ढोलही ऊठसूट बडवीत नसे. आपल्या संघाने धावपटू पुढे नेले, सामना शेवटच्या डावात आला, की मगच वाजवावयाचे, असा त्याचा नेम होता. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्याला तो ढोल ऐकू आला की काही तरी होणार हे कळे. २०२२ साली त्याच्या बाकावर त्या ढोलाची काशाची प्रतिकृती बसविण्यात आली. ३० जानेवारी २०२३ ला तो वारला. संघाने दुसरा एक सन्मान आधीच दिला होता. १९९४ साली संघ नव्या मैदानावर गेला. तेथे जून १९९५ पासून एप्रिल २००१ पर्यंत सलग ४५५ सामन्यांची सर्व तिकिटे खपली, तेव्हा थोर खेळाडूचा अंक जसा पुन्हा कोणाला देत नाहीत, तसा ४५५ हा अंक प्रेक्षकांच्या नावे राखून ठेवण्यात आला.

हे प्रेम नेहमी गोजिरवाणे असते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ४ जून १९७४ ला प्रेक्षक वाढावेत म्हणून व्यवस्थापकांनी दहा सेंटला बिअर विकली. पंचवीस हजार लोक आले, यथेच्छ प्यायले, शेवटच्या डावात मैदानात घुसून पाहुण्या खेळाडूंच्या अंगावर गेले, आणि पंचांनी सामना पाहुण्यांना बहाल केला. फुटबॉलच्या मैदानावर उघड्या बाकांचा जो भाग 'डॉग पाउंड' म्हणजे कुत्र्यांचा कोंडवाडा म्हणून प्रसिद्ध झाला, तेथे कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणारे लोक बसत. त्यांनी १९८९ साली विरुद्ध संघावर इतक्या वस्तू फेकल्या की पंचांना खेळाची बाजू बदलावी लागली. गर्दीच्या प्रेमात गर्दीचा उन्मादही असतोच. तो आहे म्हणून प्रेम खोटे ठरत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता १९९५ साल. ब्राउन्सचा मालक होता आर्ट मॉडेल. त्याने १९६१ साली संघ विकत घेतला होता. सरोवरकाठचे क्रीडांगण शहराचे, पण ते चालविण्याचा करार त्याच्याकडे होता. बेसबॉल संघ नव्या मैदानावर निघून गेल्यावर त्याचे तेथील भाडे बुडाले आणि तो कर्जात रुतत चालला. इकडे बाल्टिमोर शहर संघासाठी आसुसले होते. मेरीलँड राज्य लॉटरीच्या पैशातून नवे क्रीडांगण बांधून बिनभाड्याने देण्यास तयार होते. मॉडेलला आम्ही नाटकातला खलपुरुष समजत नाही. कर्जबाजारी माणसाला परगावचे आमंत्रण आले आणि त्याने ते स्वीकारले, इतकी ती साधी गोष्ट आहे. परंतु त्याने वेळ कोणती साधली ती पाहा. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी त्याने बाल्टिमोरला जाण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या जिल्ह्यात मतदान होते. दारू-सिगारेटवरील कर पुढे चालू ठेवून त्यातून जुने क्रीडांगण दुरुस्त करावे की नाही, हा प्रश्न होता. संघ जाणार हे कळले असूनही लोकांनी फार मोठ्या बहुमताने 'होय' असे मत दिले.

त्या हंगामातला घरचा शेवटचा सामना १७ डिसेंबरला झाला. जाहिरातदारांनी आपल्या पाट्या काढून घेतल्या होत्या. ब्राउन्स २६–१० असे जिंकले. सामना चालू असतानाच लोकांनी बाके उपटण्यास आरंभ केला. काहींनी रांगाच्या रांगा मैदानावर भिरकावल्या, काहींनी आपली खुर्ची उचलून घरी नेली. खेळाडू कोंडवाड्याच्या कठड्याशी गेले आणि ओळखदेख नसलेल्या माणसांना मिठ्या मारून रडले. पगारी खेळाडू, ज्यांची स्वतःची नोकरी शाबूत होती, ते का रडावेत, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ काळ विचार करावयास लावतो.

परंतु क्लीव्हलंडकर नुसते रडत बसले नाहीत, आणि येथेच या गोष्टीला वळण लागते. महापौर मायकेल व्हाइट यांनी करार दाखवून न्यायालयात दावा लावला, कारण १९९८ पर्यंत संघ याच मैदानावर खेळण्यास बांधलेला होता. लोकांनी लीगच्या कचेरीवर पत्रांचा आणि फॅक्सचा मारा केला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन हा तेव्हा ओहायो राज्याचा सिनेटर होता. त्याने प्रेक्षकांच्या हक्काचे विधेयकच मांडले. ते मंजूर झाले नाही, पण लीगला घाम फुटला. फेब्रुवारी १९९६ मध्ये जी तडजोड झाली ती अपूर्व होती. मॉडेलने खेळाडू, शिक्षक आणि मक्ता घेऊन खुशाल जावे. परंतु 'ब्राउन्स' हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग, विजयचिन्हे आणि १९४६ पासूनची सारी नोंद क्लीव्हलंडलाच राहील. १९९९ पर्यंत शहराला पुन्हा संघ मिळेल, आणि त्या मधल्या तीन वर्षांत संघ अस्तित्वात आहे पण खेळत नाही, असे मानले जाईल!

हे कलम आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मालमत्तेचे दोन भाग पाडून दाखविणारा असा करार या क्षेत्रात पूर्वी झालेला नव्हता. देह मालकाचा, नाव गावाचे. बाल्टिमोरला जो संघ गेला त्याला 'रेव्हन्स' हे नवे नाव घ्यावे लागले, आणि कागदोपत्री तो १९९६ साली जन्मला. त्याचे खेळाडू जुने होते, पण भूतकाळ नव्हता. उलट क्लीव्हलंडला १९९९ साली जवळजवळ सगळ्या नव्या खेळाडूंचा जो संघ मिळाला, तो १९६४ च्या विजयाचा वारस ठरला. जुने क्रीडांगण तोपर्यंत पाडून झाले होते. त्याचे सिमेंटचे तुकडे ईरी सरोवरात टाकून माशांसाठी आसरे करण्यात आले, आणि त्याच जागी नवे उभे राहिले.

बाल्टिमोरकरांनी दुसऱ्याचा संघ पळविला, असा निकाल देण्यापूर्वी त्यांचेही ऐकले पाहिजे. १९६४ साली क्लीव्हलंडकडून हरलेला कोल्ट्स हा त्यांचा संघ १९८४ साली असाच गेला होता, आणि तोही रात्री. राज्य सरकार संघ ताब्यात घेण्याचा कायदा करीत आहे असे कळताच मालकाने २८ मार्चच्या रात्री मालमोटारी बोलावल्या आणि हिमवर्षावात सामान भरून पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. मागे राहिला तो संघाचा बँड. संघ नाही, मैदान नाही, तरी या वादकांनी बँड मोडला नाही. पोशाख योगायोगाने धोब्याकडे होते म्हणून वाचले. ते काही दिवस लपवून ठेवण्यात आले. पुढे बारा वर्षे हा बँड मिरवणुकांतून आणि दुसऱ्यांच्या मैदानांवर वाजवीत राहिला, नव्या क्रीडांगणासाठी कायदेमंडळापुढेही वाजवला. देव हलविल्यावर रिकाम्या देवळात सनई-चौघडा चालू ठेवावा, तसा हा प्रकार! एका गावाची भरपाई दुसऱ्या गावाच्या घरफोडीने व्हावी हे या मक्तेदारी पद्धतीचे फळ आहे. तो दोष बाल्टिमोरच्या माणसांचा नव्हे.

मग संघ पूर्णपणे गावाचाच असावा, असा उपाय नाही काय? आहे, आणि तो अमेरिकेतच, विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात चालू आहे. तेथील 'पॅकर्स' हा संघ १९२३ पासून भाग विकून लोकांनी सांभाळला आहे. आज त्याचे पाच लाखांवर भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकता येत नाही. मिळते ते एक प्रमाणपत्र आणि वार्षिक सभेत मत. शहाणा माणूस असल्या व्यवहाराला हात लावणार नाही, आणि तरी दरवेळी भाग विक्रीला निघाले की उड्या पडतात. दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांनी सारखे वाटून घ्यावे ही व्यवस्था १९६१ मध्ये झाली, तिचाही या लहान गावाला मोठा आधार मिळाला. लीगने मात्र पुढे नियम करून टाकला, की अशी लोकमालकी दुसऱ्या कोणालाही मिळणार नाही. एक ग्रीन बे पुरे!

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर पुण्याचे उदाहरण आहे. आयपीएलमध्ये पुण्याच्या नावाचा एक संघ २०११ ते २०१३ खेळला आणि बंद झाला. दुसरा २०१६ साली दोन वर्षांपुरता आला. पहिल्याच वर्षी दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले, तेव्हा हा संघ आपले 'घरचे' सामने विशाखापट्टणला खेळला! पुढच्या वर्षी, २१ मे २०१७ ला, तो अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि मुदत संपून विसर्जित झाला. एका धावेचा हा पराभव क्लीव्हलंडमध्ये झाला असता तर त्याला नाव पडले असते. पुण्यात ते पडले नाही, यात पुणेकरांचा काही दोष नाही. दोन वर्षांत आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसत नाहीत. नाव गावाचे देऊन भागत नाही. गावाला त्या नावात मुरण्यास वेळ द्यावा लागतो.

क्लीव्हलंडला तो वेळ मिळाला होता, म्हणून नंतरच्या दिवसांतही तेथील माणसे टिकून राहिली. आणि दिवस वाईट आले. मॉडेलच्या रेव्हन्सनी जानेवारी २००१ मध्ये विजेतेपद मिळविले, ते या लोकांना पाहावे लागले. मरणाबरोबर वैर संपते असे आपण म्हणतो. पण २०१२ साली मॉडेल वारला तेव्हा इतर मैदानांवर क्षणभर शांतता पाळण्यात आली, क्लीव्हलंडला मात्र ती पाळू नये असे त्याच्याच कुटुंबाने सुचविले. परत आलेला ब्राउन्स संघ तर रडका निघाला. २०१६ साली १६ पैकी १५ सामने हरला आणि २०१७ साली सोळाच्या सोळा. त्यावर ६ जानेवारी २०१८ रोजी, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, काही हजार लोकांनी क्रीडांगणाभोवती मिरवणूक काढली. 'परिपूर्ण' हंगामाची! वाट मुद्दाम शून्याच्या आकाराची ठेवली होती आणि जमलेला निधी गरिबांच्या अन्नकोठीला दिला. चाल्डिनींच्या निबंधात या मिरवणुकीला कोठे बसवावे हे आम्हाला सुचत नाही.

मधल्या काळात एकदा पारणे फिटले. शेजारच्या अ‍ॅक्रनमध्ये जन्मलेला लेब्रॉन जेम्स २०१० साली शहर सोडून गेला, तेव्हा त्याच्या नावाचे सदरे रस्त्यात जाळण्यात आले होते. २०१४ साली तो परतला, आणि १९ जून २०१६ ला कॅव्हेलिअर्सनी १–३ अशी पिछाडी भरून काढून विजेतेपद जिंकले. बास्केटबॉलच्या अंतिम फेरीत असे पूर्वी कोणी केले नव्हते. विजयाच्या मिरवणुकीला तेरा लाख लोक जमल्याचा अंदाज करण्यात आला. शहराची वस्ती चार लाखांच्या आत! उरलेले बहुतेक ते किंवा त्यांची मुले, जी कारखाने बंद पडल्यावर गाव सोडून गेली होती. पत्ता बदलला तरी 'आम्ही' बदलला नव्हता.

नाव गावाचे, असे वर म्हटले. परंतु गावातही नावावरून तंटा होऊ शकतो. बेसबॉल संघाचे 'इंडियन्स' हे नाव आणि त्यावरील हसऱ्या मुखवट्याचे चित्र अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना अपमानकारक वाटे. त्यांनी अनेक वर्षे आक्षेप घेतला. चित्र २०१८ नंतर पोशाखावरून गेले आणि २०२२ च्या हंगामापासून संघ 'गार्डिअन्स' झाला. शहरातील पुलावरच्या दगडी रक्षकमूर्तींवरून हे नाव घेतले आहे. आजोबांच्या तोंडचे नाव गेले म्हणून पुष्कळांना खरोखरच दुःख झाले. ते दुःख आम्ही खोटे मानीत नाही. पण ज्याच्या नावाने आपण शंभर वर्षे जयघोष केला, तोच दाराशी उभा राहून नको म्हणत असेल, तर त्याचे ऐकणे प्राप्त आहे. आठवणींचा हक्क दुसऱ्याच्या प्रतिष्ठेवर चालत नाही.

१९९६ च्या त्या लढ्याचे आणखी एक फळ म्हणजे ओहायो राज्याने केलेला कायदा. लोक त्याला मॉडेलच्याच नावाने ओळखतात. सरकारी पैशाने उभारलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला स्थलांतर करावयाचे असेल, तर सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असे तो सांगतो. २०१७ साली कोलंबस शहराचा 'क्रू' हा पायचेंडूचा संघ टेक्सासला जाण्याच्या तयारीत होता, तेव्हा राज्याने हा कायदा पुढे केला, प्रेक्षकांनी चळवळ उभारली, आणि संघ कोलंबसलाच राहिला. तो वाचविण्यासाठी पैसा ओतणाऱ्यांत ब्राउन्सचे सध्याचे मालक हॅसलम कुटुंब होते. त्याच कुटुंबाने २०२४ साली ब्राउन्सना सरोवरकाठून हलवून ब्रुक पार्क या विमानतळाजवळच्या उपनगरात, छप्पर असलेल्या नव्या क्रीडांगणात नेण्याचा बेत जाहीर केला. नगरपालिकेने पुन्हा मॉडेलचा कायदा बाहेर काढला. तेव्हा २०२५ च्या उन्हाळ्यात राज्याच्या कायदेमंडळाने त्यात दुरुस्ती करून तो फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरता ठेवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नगरपालिका आणि मालक यांच्यात सुमारे दहा कोटी डॉलरची तडजोड झाली. नाव, रंग आणि इतिहास यांना या वेळी कोणी हात लावलेला नाही. आता वाद आहे तो केवळ डझनभर मैलांचा, आणि ब्रुक पार्कचा रहिवासी 'आम्ही' म्हणतो तेव्हा सरोवरकाठचा माणूस त्यात स्वतःला मोजतो की नाही, याचा.